मेक्सिको सिटी कानांनी शिकायची

व्हिसा, निवासी कार्ड, बँकेचं खातं, भाड्याचं घर ही रुक्ष प्रकरणं मागच्या भागांत उरकली. आज रोजच्या जगण्याबद्दल बोलू, आणि ते आवाजांच्या अंगानं बोलू. हा माझ्या पेशाचा परिणाम म्हणा. लष्कराच्या सिग्नल्स दलात मी तीस वर्षं काढली. हेडफोनमधल्या खरखरीतून कामाचा शब्द वेगळा काढायचा, हीच माझी नोकरी होती. निवृत्तीनंतर महूला घर केलं. मुलगी नोकरीसाठी मेक्सिको सिटीत आली आणि २०२२च्या सुरुवातीला मी आणि माझी पत्नी तिच्याकडे राहायला आलो. तेव्हापासून वर्षातले बरेच महिने आमचा मुक्काम इथेच असतो.

परदेशात गेलेला माणूस आधी भाषेच्या मागे लागतो, आणि ते योग्यच आहे. स्पॅनिशचा वर्ग लावता येतो, मोबाइलवर धडे गिरवता येतात. पण इथल्या गल्लीत दिवसभर जे आवाज येतात ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. ते ओळखता आले नाहीत तर कचरा घरात साचतो, पिण्याचं पाणी संपतं, गॅसवाला दारावरून निघून जातो. आणि एक आवाज असा आहे की तो ओळखण्यावर जीव अवलंबून असतो. त्याच्याकडे येतोच, पण सुरुवात सकाळपासून करू.

आमचं घर नार्वार्ते नावाच्या वस्तीत आहे. रुंद रस्ते, भरपूर झाडं, चार-सहा मजली इमारती, कोपऱ्याकोपऱ्यावर टाको विकणाऱ्यांच्या गाड्या. सकाळी घंटा वाजते. देवळात टांगतात तशी नव्हे, शाळेत शिपाई हातात धरून वाजवायचा तशी. ती कचऱ्याच्या गाडीची घंटा. गाडीच्या पुढे एक माणूस घंटा हलवत चालतो आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींतून माणसं पिशव्या घेऊन चपला फटफटवत खाली येतात. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. गाडीवाल्याच्या हातावर चार-पाच पेसो ठेवायची पद्धत आहे. शेजाऱ्यांची खरी ओळख मला या रांगेत झाली. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा कुत्रा आजारी आहे, सगळ्या बातम्या इथेच कळतात.

त्यानंतर तमालवाला. तीनचाकी सायकल, तिच्यावर मोठं वाफेचं पातेलं आणि कर्ण्यातून नाकात बोलणारा एक ध्वनिमुद्रित पुरुषी आवाज : ओआहाकाचे गरमागरम तमाल आले, या आणि घेऊन जा. शहरभर हाच आवाज, हीच फीत. तमाल म्हणजे मक्याचं भिजवलेलं पीठ चरबीत फेटून, आत मिरची-मांस किंवा चीज भरून, केळीच्या किंवा मक्याच्या पानात उकडलेलं मुटकं म्हणा. गोडही मिळतो. सकाळी कामावर निघालेला माणूस तो तमाल पावात घालून खातो. पिठात पीठ! त्याला ग्वाहोलोता म्हणतात, आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. वडापाव हातात घेऊन लोकल पकडणाऱ्याला याचं मर्म वेगळं सांगायला नको.

मग भंगारवाल्याची छोटी ट्रक. तिच्यावरच्या कर्ण्यातून एक लहान मुलगी ताणलेल्या, किंचित रडव्या सुरात यादी म्हणते : गाद्या, फ्रिज, शेगड्या, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, किंवा जे काही जुनं लोखंड विकायचं असेल ते. वीस वर्षांपूर्वी एका भंगारवाल्यानं रोज ओरडून घसा बसतो म्हणून आपल्या मुलीच्या आवाजात हे रेकॉर्ड केलं. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि आता देशभर वाजतं. ती मुलगी केव्हाच मोठी झाली, आवाज मात्र शाळकरीच राहिला.

पाण्याचा वेगळा पुकारा असतो. नळाचं पाणी इथे कुणी पीत नाही. वीस लिटरचे मोठे बाटले खांद्यावर घेऊन माणूस जिना चढतो आणि 'आग्वाऽऽ' म्हणून हाळी देतो. चाकू-कात्रीला धार लावणारा सायकलवरून येतो आणि लहानशा पावरीवर सगळे स्वर सर्रकन चढवतो, उतरवतो. कोपऱ्यावरच्या तोर्तियाच्या दुकानात यंत्राचा पट्टा कुरकुरत असतो. ते ऐकू आलं की तोर्तिया गरम मिळणार हे नक्की. तोर्तिया किलोवर घ्यायच्या आणि फडक्यात गुंडाळून आणायच्या. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून मग दळतात. त्यामुळे साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. चुना न वापरता नुसता मका खाऊन राहिलेल्या युरोपातल्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा, इथल्या लोकांना होत नव्हता. आमच्याकडे ती आमटीबरोबर खाल्ली जाते. आमटीला मात्र वेळ लागतो, कारण शहर २,२४० मीटर उंचीवर आहे आणि पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. कुकर भारतातून आणला, ते बरं झालं.

अंधार पडल्यावर येणारा आवाज नवख्या माणसाला दचकवतो. वाफेच्या इंजिनासारखी लांब, कर्कश शिट्टी, आणि तीही खिडकीखाली. हा रताळीवाला. त्याच्या ढकलगाडीवर पत्र्याची भट्टी असते, खाली लाकडं पेटलेली. भट्टीत कोंडलेली वाफ तो नळीतून सोडतो. वाफेचा दाब उतरत जातो तसा शिट्टीचा स्वरही खाली येत विझतो. रताळं आणि मोठं राजेळी केळं भाजून त्यावर आटवलेलं गोड दूध ओततात. उपासाला चालेल का, असं माझ्या पत्नीनं पहिल्याच दिवशी विचारलं. चालवून घेतलं.

जुन्या शहरात गेलात तर पेटीवाले दिसतील. खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, आणि एका पायावर उभा केलेला लाकडी बाजा. एक जण दांडा फिरवतो, दुसरा टोपी पुढे करून पैसे गोळा करतो. यांतले बरेच बाजे जर्मनीतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आलेले, आणि सूर असा बिघडलेला की चाल ओळखायला कष्ट पडतात. खाकी दिसली की मी पैसे टाकतोच.

आता माणसांचे आवाज. मेक्सिकन माणूस अनोळखी लोकांनाही अभिवादन करतो. लिफ्टमध्ये शिरताना, दवाखान्यात बाकावर बसताना सगळ्यांना मिळून 'शुभ सकाळ' म्हणायचं. खानावळीतून बाहेर पडताना शेजारच्या मेजावरच्या लोकांना 'प्रोवेचो' म्हणायचं, म्हणजे तुमचं जेवण अंगी लागो. कुणी हाक मारली तर 'काय?' असं न म्हणता 'मांदे?' म्हणायचं. शब्दशः अर्थ, आज्ञा करा. आपल्याकडे जुन्या घरांत 'जी' म्हणत, तसं. बाजारात तर दर गाळ्यावरून 'या ग्वेरो, काय देऊ?' असं ऐकू येतं. ग्वेरो म्हणजे गोरा. राजस्थानच्या वाळूत वर्षानुवर्षं भाजून निघालेल्या माझ्यासारख्याला हयातीत प्रथमच कुणी गोरा म्हणालं. गिऱ्हाईक कुठल्याही रंगाचं असो, इथे ते गोरंच. त्याच बाजारात 'चिकोसापोते' अशी पाटी दिसली आणि खाली चिकूचा ढीग. चिकू हे नाव आपण कुठून उचललं ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

'आओरीता' या शब्दाबद्दल सावध राहा. 'आत्ता'ला लाडिक प्रत्यय लावून तो झाला आहे. त्याचा अर्थ पाच मिनिटांत, संध्याकाळी किंवा कधीच नाही, यांपैकी काहीही. प्लंबर 'आओरीता येतो' म्हणाला की मी पुस्तक उघडून बसतो.

मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, तिथे टोळ्या आहेत म्हणे, भीती नाही वाटत? काही राज्यांत परिस्थिती खरोखर वाईट आहे, तिकडे मी जात नाही. लांबचा रस्ता रात्री पकडत नाही, रस्त्यात उभं राहून फोन बाहेर काढत नाही, पैसे काढायला बँकेच्या आतलं यंत्र वापरतो. एवढ्यावर या शहरात माझे दिवस सुखात जातात. मला रात्री जागं ठेवणारी गोष्ट माणसांची नाही, जमिनीची आहे.

मेक्सिको सिटी तळ्यावर वसलेली आहे. आस्तेक लोकांनी १३२५मध्ये तेस्कोको तळ्यातल्या बेटावर तेनोचतितलान वसवलं. १५२१मध्ये स्पॅनिश लोकांनी ते जिंकलं आणि पुढच्या शतकांत पूर टाळण्यासाठी तळ्याचं पाणी बाहेर काढलं. खाली राहिला गाळ. त्या गाळावर आज महानगर उभं आहे, आणि त्याच्या पोटातलं पाणी आपण उपसतो आहोत, त्यामुळे शहर खचतं आहे. विसाव्या शतकात जुना भाग नऊ-दहा मीटर खाली गेला. स्वातंत्र्याचा देवदूत हा प्रसिद्ध स्तंभ १९१०मध्ये उभारला. त्याचा पाया खोल खांबांवर असल्यानं तो जागेवर राहिला, भोवतालचा रस्ता खचला, आणि स्तंभापर्यंत पोचायला नंतर चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. नार्वार्तेच्या खालीही तोच गाळ आहे.

भूकंपाच्या लाटा अशा गाळात शिरल्या की विरत नाहीत, मोठ्या होतात. ताटात थलथलीत खरवस ठेवून ताट हलवा, म्हणजे कल्पना येईल. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी सातच्या पुढे मिचोआकानच्या किनाऱ्यावर ८ रिश्टरच्या घरातला भूकंप झाला. शहरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरीही इथे शेकडो इमारती कोसळल्या, हजारो माणसं गेली. गाळाचा स्वतःचा झोका दोन सेकंदांना एक असा आहे, आणि मधल्या उंचीच्या, सहा ते पंधरा मजली इमारतींचा झोकाही त्याच्या जवळपास. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का देत राहिलं की तो चढतच जातो. इमारतींचं तेच झालं.

त्यातून जन्मला तो आवाज. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या खांबांवर हजारो भोंगे बसवले आहेत. त्यांतून वर-खाली होणारा एक विचित्र विजेरी आक्रोश सुरू होतो आणि मधूनमधून पुरुषाचा आवाज सांगतो : आलेर्ता सीस्मिका, आलेर्ता सीस्मिका. भूकंपाचा इशारा. लोक म्हणतात, धक्क्यापेक्षा या आवाजानंच काळजाचं पाणी होतं.

हे भाकीत नव्हे, हे नीट समजून घ्या. भूकंप केव्हा होणार हे कुणीच सांगत नाही. तो झालेला असतो, फक्त अजून आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. पॅसिफिक किनाऱ्यावर आणि आतल्या राज्यांत मिळून शंभरच्या आसपास यंत्रं जमिनीवर कान लावून बसली आहेत. पहिली तुकडी १९९१मध्ये ग्वेरेरोच्या किनाऱ्यावर कामाला लागली. तिथून हे शहर साधारण ३०० किलोमीटर. इमारती हलवणाऱ्या लाटा जमिनीतून सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटर वेगानं येतात, म्हणजे ऐंशी सेकंद लागणार. रेडिओचा संदेश तेच अंतर एक सहस्रांश सेकंदात कापतो. यंत्राला खात्री करून घ्यायला लागणारे सेकंद वजा करा, हातात उरतं मिनिटभर. सिग्नल्समधल्या माणसाला यापेक्षा सुंदर गणित दाखवू नये. बातमी शत्रूच्या आधी पोचवायची, एवढंच तर आमचं काम होतं.

पण गणिताला मर्यादा आहे. १९ सप्टेंबर २०१७ रोजी, १९८५च्याच तारखेला, सकाळी ११ वाजता शहरानं स्मृतिदिनाचा सराव केला आणि दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी खरा भूकंप आला, ७.१चा. त्याचं केंद्र किनाऱ्यावर नव्हतं, शहरापासून अवघ्या १२० किलोमीटरवर होतं. भोंगा आणि धक्का जवळजवळ बरोबरच आले. शहरात २२८ माणसं दगावली. आमच्या वस्तीतही इमारती पडल्या. त्या जागा अजून दाखवतात.

इथे राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मी स्टॉपवॉच काढलं. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे बदललेले. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत तिला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, आणि तेही दिवसा, घाई नसताना. हातात साठ सेकंद. हिशेब जुळत नव्हता. ती म्हणाली, "मी जमेल तेवढं उतरेन." मी म्हणालो, "जिन्यात अडकणं सर्वांत वाईट." इमारतीच्या समितीनं बोलावलेल्या इंजिनिअरनं प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळच्या खांबांपाशी, काचांपासून लांब, एक जागा आखून दिली आहे. वेळेत उतरू न शकणाऱ्यांनी तिथे उभं राहायचं. तेच आमचं ठाणं ठरलं. दाराशी एक पिशवी टांगली : औषधं, कागदपत्रांच्या प्रती, पाणी, विजेरी, छोटा रेडिओ आणि प्रत्येकासाठी एक शिट्टी. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा तासाभरात संपतो, शिट्टी पुरते. इथल्या शाळेत मुलांना तीन गोष्टी घोकून घेतात : पळायचं नाही, ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. आमच्या घरात साठीच्या पुढच्या दोन विद्यार्थ्यांनी त्या घोकल्या.

त्याच वर्षीच्या १९ सप्टेंबरला दुपारी १२ वाजून १९ मिनिटांनी सरावाचा भोंगा झाला. बाकीची इमारत खाली गेली, आम्ही दोघं खांबाशी उभे राहिलो. समोरच्या घरातल्या ऐंशीच्या घरातल्या दोन्याही आमच्याबरोबर उभ्या होत्या. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या बाईसाहेब, आदरानं म्हणायचा शब्द. सराव संपला, सगळे वर आले, आम्ही पानं वाढायला घेतली. १ वाजून ५ मिनिटांनी पुन्हा तोच आक्रोश. तीच तारीख, तिसऱ्यांदा. या वेळी सराव नव्हता. मिचोआकानचा किनारा, ७.७. अंतर जास्त असल्यानं इशारा मिनिटाहून अधिक आधी मिळाला. मुलगी कचेरीत होती. खांबापाशी पोचायला आम्हाला वीस सेकंद लागले, उरलेला वेळ नुसता उभं राहण्यात गेला. तो वेळ फार लांब असतो. दोन्यांनी माझ्या पत्नीचा हात धरला. एकीला मराठी-हिंदी, दुसरीला स्पॅनिश, पण त्या काहीतरी बोलत होत्या. मग इमारत हलायला लागली. दणका नाही, झोका. नावेत उभं राहिल्यासारखा, संथ, आणि थांबायला तयार नसलेला. दिवे हेलकावत होते, भिंतींच्या आतून लाकूड पिळल्यासारखा आवाज येत होता.

शहरात त्या दिवशी मोठी हानी झाली नाही. तीन दिवसांनी, २२ तारखेला रात्री सव्वा वाजता पुन्हा भोंगा वाजला. त्या रात्री शहरात एका स्त्रीचा जीव गेला. इमारत पडून नाही, घाईत जिन्यावरून पडून. बातमी वाचून माझ्या पत्नीनं पेपर घडी घालून ठेवला आणि त्यानंतर जिन्याचा विषय घरात निघाला नाही.

दोन्यांकडून मी २०१७ची गोष्ट ऐकली. ढिगाऱ्यांवर शेकडो लोक रांगा करून बादल्यांनी दगडमाती हलवत होते. मध्येच कुणीतरी मूठ वर करायचं. ते पाहून शेजारचा मूठ वर करायचा, मग त्याच्या शेजारचा, आणि क्षणात सारा रस्ता गप्प व्हायचा. ट्रक बंद, फोन बंद. खाली कुणी हाक देतंय का ते ऐकायचं. १९८५मध्ये ढिगाऱ्यात शिरणारी साधी माणसं पुढे 'तोपोस', म्हणजे चिचुंद्रीसारखे जमीन पोखरणारे प्राणी, या नावानं जगभर मदतीला जायला लागली. मूठ वर केली की गप्प राहायचं हे आज इथल्या पोरांनाही ठाऊक आहे. कोट्यवधींच्या या गोंगाटी शहराला मिनिटभर शांत होता येतं, ही मला फार मोठी शिस्त वाटते. आम्हाला ती शिट्ट्या आणि हुकूम देऊन आणावी लागते.

मी किल्लारी पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले असताना, गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. आमची तुकडी दळणवळण उभं करायला गेली. तिथे दगड आणि मातीच्या जाड भिंती पडल्या होत्या. काँक्रीटचा स्लॅब पडला तर खाली पोकळी राहू शकते, मातीत ती राहत नाही. आम्ही पण कान लावत होतो. फारसं काही ऐकू आलं नाही. याहून जास्त त्याबद्दल बोलत नाही.

शहराबाहेर पडलो की बसनं जातो. इथल्या लांब पल्ल्याच्या बसेस उत्तम आहेत. पहिली वारी चापिंगोची केली. पूर्वेकडच्या बसस्थानकावरून तेस्कोकोकडे जाणारी बस घ्यायची, तासाभराचा रस्ता. चापिंगोचं शेतकी विद्यापीठ म्हणजे आपल्या माणसाचं ठिकाण. डॉक्टर पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म वर्ध्याचा, १८८४चा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. ब्रिटिशांच्या हाती लागू नये म्हणून अमेरिका, इराण, जर्मनी असे फिरत १९२०च्या दशकात मेक्सिकोत आले आणि इथे मक्याचे संशोधक झाले. चापिंगोत शिकवलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे स्नेही. शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरांनी रंगवलेल्या एका चित्रात मेजाशी बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे, असं मानतात. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, १९६७मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत २०२२मध्ये त्यांचा पुतळा उभारला, आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते. पुतळ्यापाशी मी उभा होतो तेव्हा दोन विद्यार्थी सायकलींवरून आले, हा माणूस कोण असं मीच त्यांना विचारलं. एक म्हणाला, "मक्याचे प्रोफेसर, हिंदू." हिंदू म्हणजे इथे हिंदुस्थानी, धर्म कुठला का असेना.

युकातानमधल्या चिचेन इत्साला सगळे पिरॅमिड पाहायला जातात. मीही गेलो, पण मला तिथे ऐकायचं होतं. मोठ्या पिरॅमिडच्या जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवा. टाळी परत येते ती टाळी म्हणून येत नाही, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखी, वरून खाली घसरणारी येते. प्रत्येक पायरीवरून प्रतिध्वनी किंचित उशिरा परततो आणि वरच्या पायऱ्यांचं अंतर वाढत जातं, म्हणून स्वर उतरतो. वाटाडे सांगतात, हा केत्साल पक्ष्याचा आवाज, मायांनी मुद्दाम साधलेला. मुद्दाम की योगायोगानं, यावर तज्ज्ञ भांडतात. शंभर पर्यटक एकाच वेळी टाळ्या पिटत असतात, म्हणून सकाळी आठला दार उघडतं तेव्हाच आत शिरा.

शेवटी मीस्किकबद्दल. हे गाव मेक्सिको सिटीच्याच हद्दीत, दक्षिण-पूर्वेला, जुन्या तळ्यांच्या कालव्यांजवळ. नोव्हेंबरच्या आरंभी इथे मृतांचे दिवस पाळतात. पितृपक्षासारखंच, पण रडारड नाही. घराघरांत मेलेल्यांसाठी जेवण मांडतात : पाव, तमाल, मोले, त्यांची आवडती दारू. आणि सगळीकडे झेंडू. ढीगच्या ढीग, वाटेवर पाकळ्या अंथरलेल्या, म्हणजे आत्म्याला घर सापडावं. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो तो झेंडू मूळचा इथलाच. आपल्याकडे तो दारावर सण सांगतो, इथे थडग्यावर वाट दाखवतो.

मीस्किकमध्ये मृतांचं येणं-जाणं घंटेनं चालतं. ३१ ऑक्टोबरला दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की लहान मुलांचे आत्मे आले. दुसऱ्या दिवशी बाराला ते निघाले, मोठे आले. २ तारखेला बाराला मोठ्यांची पाठवणी. त्या संध्याकाळी चर्चलगतच्या स्मशानात हजारो मेणबत्त्या लागतात, धुपाच्या धुरात चेहरे दिसेनासे होतात आणि घंटा संथ वाजत राहते.

एका कुटुंबानं आम्हाला थडग्याच्या कडेला बसवून घेतलं, दालचिनी घातलेली कॉफी दिली. तुम्ही लोक काय करता, असं त्यांनी विचारलं. मुलीनं दुभाष्याचं काम केलं. मी पिंडाचं आणि कावळ्याचं सांगितलं. कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त झाला. आणि नाहीच शिवला तर? तर त्याचं काहीतरी मनात राहिलंय असं धरून आम्ही त्याला वचन देतो, मुलीचं लग्न करू, कर्ज फेडू, आणि पुन्हा वाट बघतो. म्हातारे आजोबा लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांना ते सगळं पटलं. फक्त एक शंका त्यांनी काढली, की एवढा वेळ नुसती वाट कशाला बघायची, त्या कावळ्यासाठी कुणी घंटा का वाजवत नाही?